मोटारसायकलीच्या पारेषणातील तेलगळती

मोटारसायकलीच्या एंजिनाची शक्ती मागील चाकापर्यंत पोहोचविणाऱ्या यंत्रणेस पारेषण म्हणतात. तीत प्राथमिक साखळी किंवा दंतचक्रे, क्लच, गिअरपेटी आणि मागील चाकाकडे जाणारी साखळी यांचा समावेश होतो. शेवटची साखळी सोडल्यास हे भाग सामान्यतः वंगण तेलात फिरतात. हे तेल कवचाच्या सांध्यांतून, दंडांभोवतीच्या फटींतून अथवा बुचांच्या आट्यांमधून बाहेर झिरपणे म्हणजे पारेषणातील तेलगळती होय. वारंवार दुरुस्त करूनही पुनःपुन्हा उद्‌भवणारी गळती ही दुचाकी वाहनांच्या बाबतीतील सर्वांत जुन्या तक्रारींपैकी एक आहे. तिच्या निवारणाचा इतिहास हा केवळ अधिकाधिक चांगल्या रबराच्या शोधाचा इतिहास नाही. तेल जेथे दिसते तेथे गळतीचे कारण असतेच असे नाही, ही गोष्ट यंत्रज्ञांच्या हळूहळू कशी लक्षात आली, याचाही तो इतिहास आहे.

गळतीचे परिणाम : थेंबथेंब गळणारे तेल क्षुल्लक वाटते, परंतु तेलाचे साधारण २० थेंब म्हणजे १ मिलि. होते. मिनिटाला एक थेंब या गतीने अहोरात्र गळती झाल्यास दिवसाकाठी सु. ७० मिलि. तेल जाते. व्हेस्पा पद्धतीच्या स्कूटरच्या गिअरपेटीत सु. २५० मिलि. तेल असते, म्हणजे ती पेटी चार दिवसांच्या आत रिकामी होईल. तेल कमी झाल्यावर दंतचक्रांचे दात व धारवे तापतात, झिजतात आणि अखेरीस जाम होतात. याहून मोठा धोका गळलेल्या तेलाच्या वाटेत असतो. पुढील दंतचक्राजवळून गळणारे तेल साखळीमार्गे मागील टायरवर उडू शकते. ज्या स्कूटरमध्ये मागील चाक गिअरपेटीच्या दंडावरच बसविलेले असते, तीत त्या दंडाभोवतीची गळती थेट ब्रेकच्या अस्तरांवर जाते. तेथे गळती ही वंगणाची हानी न राहता चालकाच्या जिवाशी निगडित बाब होते.

प्रारंभीचा काळ : १८९४ मध्ये म्यूनिक येथे विक्रीसाठी तयार होऊ लागलेल्या हिल्डेब्रांट व वोल्फम्यूलर यांच्या मोटारसायकलीस गिअरपेटीच नव्हती, दट्ट्यांचे दांडे सरळ मागील चाकास जोडलेले होते. त्यानंतरच्या अनेक वाहनांत शक्ती चामड्याच्या पट्ट्याने चाकास दिली जाई. एंजिनाचे वंगणही ‘एकवार वापर’ पद्धतीचे होते. चालक अधूनमधून हातपंपाने तेल आत सोडी आणि ते काम करून जळून अथवा झिरपून बाहेर जाई. तेल बाहेर जाणे हा दोष नसून त्या रचनेचाच एक भाग होता.

विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात एंजिनाच्या मागे स्वतंत्र गिअरपेटी बसविण्याची पद्धत रूढ होऊ लागली, आणि तेल एका बंद पेटीत साठवून ठेवण्याचा प्रश्न प्रथमच उभा राहिला. पेटी बंद असली, तरी तीतून दंड बाहेर आलेच पाहिजेत : एक क्लचकडे, एक साखळीकडे, एक गिअर बदलण्याच्या पायदांडीकडे आणि एक किककडे. दंड फिरावयाचा तर त्याच्याभोवती फट हवी आणि फट असली की तेलास वाट मिळते. यावर त्या काळी दोन उपाय होते. दंडाभोवती नमद्याचे किंवा चामड्याचे कडे बसविणे हा एक. पेटीत पातळ तेलाऐवजी अर्धद्रव ग्रीझ भरणे हा दुसरा. दुसऱ्या उपायात गळती थांबविण्याऐवजी गळणारा पदार्थच जाड केला जाई. ही युक्ती पुढे दीर्घकाळ टिकली.

कातडे ते कृत्रिम रबर : जर्मनीतील वाइनहाइम येथे १८४९ पासून कातडी कमाविण्याचा व्यवसाय करणाऱ्या फ्रॉइडेनबर्ग कंपनीने १९२९ च्या आर्थिक मंदीच्या सुमारास चामड्याची तेलरोधी कडी तयार करण्यास आरंभ केला. वाल्टर सिमर या अभियंत्याच्या नावावरून तेथील धातूच्या कवचात बसविलेले कडे ‘सिमररिंग’ या नावाने प्रसिद्धीस आले. अमेरिकेत शिकागो रॉहाइड ही अशीच मूळची कातड्याचा धंदा करणारी कंपनी या क्षेत्रात उतरली. तेलरोधी कड्याचा जन्म यंत्रशाळेत न होता चर्मोद्योगात झाला, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

१९३६ च्या सुमारास चामड्याची जागा तेलात न विरणाऱ्या कृत्रिम रबराने घेण्यास सुरुवात झाली. नैसर्गिक रबर खनिज तेलात फुगते व मऊ पडते. नायट्राइल जातीचे कृत्रिम रबर मात्र सु. १००° से. पर्यंत तेलात टिकते. १९५७ मध्ये अमेरिकेतील ड्यू पाँट कंपनीने बाजारात आणलेले फ्ल्युओरीनयुक्त रबर सु. २००° से. पर्यंत तग धरते. डेन्मार्कमध्ये जन्मलेले व अमेरिकेत स्थायिक झालेले नील्स क्रिस्तेन्सेन यांना वर्तुळाकार छेदाच्या रबरी कड्याचे, म्हणजे ‘ओ रिंग’चे, एकस्व १९३९ मध्ये मिळाले. गिअर बदलण्याच्या दांडीसारख्या कमी फिरणाऱ्या भागांत आणि झाकणांत या कड्याचा उपयोग होतो.

आज प्रचलित असलेल्या तेलरोधी कड्यास कारागीर ‘ऑइल सील’ किंवा नुसते ‘सील’ म्हणतात. त्यात धातूचे कवच, रबराचा ओठ आणि ओठाभोवती बसविलेली बारीक वेटोळी स्प्रिंग असे तीन भाग असतात. ओठ दंडास घट्ट चिकटून तेल अडवितो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती अपुरी आहे. ओठ व दंड यांच्यामध्ये तेलाचा अत्यंत पातळ, मिलिमीटराच्या सु. हजाराव्या भागाइतका थर असतो; तो नसता तर ओठ काही तासांतच जळून गेला असता. ओठाचा तेलाकडील उतार तीव्र आणि हवेकडील उतार सौम्य ठेवलेला असतो. त्यामुळे दंड फिरत असताना ओठाखाली आलेले तेल पुन्हा आत ढकलले जाते. म्हणूनच तेच कडे उलटे बसविल्यास ते तेल बाहेर लोटू लागते.

या तत्त्वाचे साम्य मातीच्या धरणांत आढळते. हिंगोली जिल्ह्यातील सिद्धेश्वर येथे पूर्णा नदीवर बांधलेल्या धरणासारख्या मातीच्या बांधात पाझर पूर्णपणे थांबविणे शक्य नसते. तो नियंत्रित करून ठराविक वाटेने काढून द्यावा लागतो. पाझराची वाट ठरलेली असेल, तर बांध सुरक्षित राहतो. तेलरोधी कड्याचेही तसेच आहे : ते तेलाची वाट बुजवीत नाही, तिची दिशा बदलते.

सांध्यांचा प्रश्न : दंडाभोवतीच्या गळतीवर तोड निघाली, तरी कवचाच्या दोन अर्ध्या भागांमधील सपाट सांध्यांची गळती कायम राहिली. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या अनेक ब्रिटिश मोटारसायकलींची भुजादंड पेटी उभ्या पातळीत दुभागलेली असे. सांध्याचा खालचा भाग सतत तेलात बुडालेला राही आणि एंजिनाच्या कंपनांनी तो ढिला होई. उभ्या केलेल्या वाहनाखाली तेलाचा डाग ही त्या वाहनांची ओळखच होऊन बसली. १९६९ मध्ये आलेल्या होंडा सीबी ७५० या चार सिलिंडरांच्या मोटारसायकलीची पेटी आडव्या पातळीत दुभागलेली होती. त्यामुळे आडवी विभागणी हाच गळतीवरील उपाय आहे असा समज पसरला. वस्तुतः त्याच कंपनीच्या लहान एंजिनांच्या पेट्या उभ्याच दुभागलेल्या होत्या व तरीही त्या कोरड्या राहत. खरा फरक दाबाखाली केलेल्या अचूक ओतकामात, पृष्ठभागांच्या सपाटपणात आणि पेटीतील हवेला दिलेल्या वाटेत होता.

सांध्यात भरण्याच्या पदार्थांतही स्थित्यंतरे झाली. आरंभी जाड कागद व लाखेचे स्पिरिटमधील द्रावण वापरीत. भारत हा लाखेचा प्रमुख उत्पादक असल्याने ‘शेलॅक’ येथील प्रत्येक दुरुस्तीकेंद्रात सहज मिळे आणि आजही वापरात आहे. १९५३ मध्ये अमेरिकेतील व्हर्नन क्रीबल यांनी हवेच्या अभावी घट्ट होणारा द्रव शोधून काढला; तो १९५६ पासून ‘लॉकटाइट’ या नावाने विकला जाऊ लागला. पुढे सिलिकोनाचे मलम प्रचारात आले. हे पदार्थ उत्तम असले, तरी त्यांच्यामुळे एक वाईट सवय लागली : सांधा वाकडा असल्यास तो सपाट करण्याऐवजी मलमाचा जाड थर देण्याची. जास्तीचे मलम आतील बाजूस सरकते, त्याचे तुकडे सुटतात आणि तेलाची छिद्रे बुजवितात.

भारतातील परिस्थिती : भारतात मद्रास येथे १९५५ पासून एन्फील्ड बुलेटची जुळणी व पुढे उत्पादन सुरू झाले. म्हैसूर येथील आयडियल जावा कंपनीने १९६१ पासून जावा व नंतर येझदी या द्विधाव गाड्या तयार केल्या. तो कारखाना १९९६ मध्ये बंद पडला. एस्कॉर्ट्स कंपनीची, पोलिश रचनेवर आधारलेली राजदूत १९६२ पासून ग्रामीण भागात लोकप्रिय झाली. महाराष्ट्रात पुण्याजवळील आकुर्डी येथे बजाज ऑटो कंपनीने १९६० नंतरच्या दशकात व्हेस्पा पद्धतीच्या स्कूटरी तयार करण्यास प्रारंभ केला. १९७२ मध्ये तिची चेतक स्कूटर आली आणि १९८५ मध्ये औरंगाबादजवळ (आता छत्रपती संभाजीनगर) वाळूज येथे तिचा दुसरा कारखाना सुरू झाला.

यांतील बहुतेक रचना मूळ देशांत कालबाह्य झाल्यावरही भारतात अनेक दशके टिकल्या. बुलेटच्या बाबतीत तर मूळ इंग्लिश कारखाने बंद पडले, तरी मद्रास येथे तीच रचना चालू राहिली. परिणामी जगात इतरत्र विसरली गेलेली गळती आणि तिच्यावरील उपायांची कारागिरी येथे जिवंत राहिली. बुलेटची जुनी अल्बियन पद्धतीची गिअरपेटी एंजिनापासून वेगळी होती व तीत ग्रीझ आणि तेल यांचे मिश्रण भरावयाचे असे. मालकाने चांगल्या हेतूने तीत केवळ पातळ तेल भरले की एकात एक फिरणाऱ्या दंडांमधील फटीतून ते बाहेर येई. प्राथमिक साखळीचे बाहेरील झाकण मध्यभागी एकाच नटाने आवळलेले असे आणि कडेला रबरी पट्टी असे. आतील झाकण सरळ बसले नसेल, तर नट कितीही आवळला तरी तेल थांबत नसे. उलट अति आवळण्याने झाकणच वाकडे होई. २००८ नंतर एंजिन व गिअरपेटी एकाच कवचात असलेली नवी रचना आल्यावर ही समस्या मागे पडली.

द्विधाव एंजिनांत गळतीचा एक फसवा प्रकार आढळतो. भुजादंड आणि क्लच यांच्यामधील कडे झिजल्यास दट्ट्याच्या शोषणाने पारेषणातील तेल एंजिनात खेचले जाते व जळते. जमिनीवर एकही थेंब पडत नाही, पण तेलाची पातळी उतरत जाते आणि धुराड्यातून दाट पांढुरका धूर निघतो. अशा वेळी पेट्रोलमध्ये तेल जास्त झाले असावे असे समजून मालक त्याचे प्रमाण कमी करतो. त्यामुळे धूर थांबत नाही. मात्र दट्ट्यास वंगण कमी पडून तो अडकण्याची भीती निर्माण होते.

मराठवाड्यातील पूर्णेच्या खोऱ्यासारख्या काळ्या मातीच्या प्रदेशात आणखी एक कारण भर घालते. पावसाळ्यात चिकट चिखल पुढील दंतचक्राच्या झाकणात भरतो आणि वाळल्यावर दगडासारखा घट्ट होतो. त्यातील बारीक कण साखळीवरील तेलात मिसळून खरवडणारे मिश्रण बनते व ते कड्याच्या ओठाखाली शिरते. ताशी ६० किमी. वेगाने जाताना हा दंड मिनिटास सु. १,३०० ते १,५०० फेरे घेतो, म्हणजे तासाभरात ओठाखालून पाऊण लाखाहून अधिक फेरे जातात. अशा घर्षणाने रबर तर झिजतेच, पण पोलादी दंडावरही खाच पडते. त्याच चिखलाने पेटीचे श्वासछिद्र बुजते.

हट्टी गळतीची कारणे : नवे कडे बसवूनही गळती परत येते, तेव्हा कारण पुढीलपैकी एक असण्याचा संभव अधिक असतो.

पहिले कारण म्हणजे आतील दाब. बंद पेटीतील हवा ३०° से. पासून ९०° से. पर्यंत तापल्यास तिचा दाब सु. २० टक्क्यांनी वाढतो. श्वासछिद्र मोकळे असेल, तर हा दाब सहज निघून जातो. ते बुजलेले असल्यास तेल सर्वांत दुर्बल सांध्यातून बाहेर ढकलले जाते. तो सांधा दुरुस्त केला की पुढचा दुर्बल सांधा गळू लागतो आणि मालकाला गाडीला जणू गळतीची बाधाच झाली आहे असे वाटते. तेल नेमून दिलेल्या पातळीपेक्षा जास्त भरल्यासही असेच घडते.

दुसरे कारण म्हणजे झिजलेला धारवा, म्हणजे बेअरिंग. धारवा ढिला झाला की दंड आपल्या मध्यरेषेवर न फिरता हेलकावतो. रबराचा ओठ काही प्रमाणात त्याच्याबरोबर हलतो, पण मर्यादेपलीकडे एका बाजूला फट पडते. अशा दंडावर बसविलेले नवे कडे थोडे दिवस कोरडे राहते आणि मग पहिल्यासारखेच गळते. कड्याला दोष दिला जातो; वास्तविक ते धारव्याच्या दुखण्याची सूचना देत असते.

तिसरे कारण दंडावरील खाच होय. नखाने स्पर्श केल्यास ती जाणवते. चौथे कारण सांधा उघडताना पेचकसाने केलेल्या जखमा आणि पेचांच्या भोकांभोवती उंचावलेल्या कडा. पाचवे, तेलाच्या कोठीत आरपार गेलेल्या पेचाचे आटे. हा पेच वरवर कोरडा वाटणाऱ्या जागी असल्याने तो बहुधा संशयातून सुटतो. सहावे व विरळ कारण म्हणजे ओतकामातील सूक्ष्म छिद्रे.

शोध व दुरुस्ती : गळतीचे स्थान शोधताना सर्वांत खालचा ओला भाग पाहणे ही नेहमीची चूक आहे. तेल खाली उतरते आणि वाऱ्याने मागे पसरते. त्यामुळे उगम सामान्यतः वर व पुढे असतो. कवच रॉकेलाने धुऊन पूर्ण कोरडे करावे, त्यावर खडूची किंवा शंखजिऱ्याची बारीक पूड भुरभुरावी, काही किलोमीटर गाडी चालवावी आणि पुडीवर उमटलेला पहिला डाग पाहावा. त्यानंतर गाडी रात्रभर कागदावर उभी ठेवावी. चालताना गळणारे आणि उभी असताना गळणारे तेल यांची कारणे पुष्कळदा वेगळी असतात : पहिल्यात दाब व दंड, तर दुसऱ्यात तेलाच्या पातळीखालील सांधे संशयास्पद ठरतात.

दुरुस्तीचा क्रमही कारणांनुसार ठेवणे इष्ट असते. प्रथम तेलाची पातळी व श्वासछिद्र तपासावे, कारण त्यास काही खर्च येत नाही. मग दंड हाताने वरखाली हलवून धारव्याचा ढिलेपणा पाहावा आणि धारवा खराब असल्यास कड्याआधी तो बदलावा. दंडावर खाच असल्यास नवे कडे, जागा असेल तर, १ ते २ मिमी. आत किंवा बाहेर बसवून ओठाला न झिजलेला पृष्ठभाग देता येतो. ते शक्य नसल्यास दंडावर पातळ पोलादी नळी चढवितात किंवा कठीण क्रोमियमाचा मुलामा देऊन तो घासून घेतात. कडे बसविताना स्प्रिंगची बाजू तेलाकडे ठेवावी, ओठास तेल लावावे आणि दंडाच्या खाचा व आटे यांवर पातळ कागद गुंडाळून ओठ चिरणार नाही याची काळजी घ्यावी. सपाट सांध्यासाठी जाड काचेवर बारीक पॉलिशकागद ठेवून त्यावर झाकण हळूहळू फिरवितात. सर्वत्र सारखी चमक आली की ते सपाट झाले असे समजावे. पेच समोरासमोरच्या जोड्यांनी, दोनतीन फेऱ्यांत आवळावेत. गळती थांबविणारी म्हणून विकली जाणारी द्रव्ये रबर फुगवून काही काळ गुण देतात, परंतु क्लच त्याच तेलात फिरत असल्यास तो घसरण्याचा धोका असतो.

या कामास महाग अवजारे लागत नाहीत. वेळ मात्र लागतो. ज्याचा रोजगार गाडीवर अवलंबून आहे अशा दूधवाल्याला किंवा शेतकऱ्याला गाडी दोन दिवस उभी ठेवणे परवडत नाही आणि कारागिरालाही कडे बदलण्याचेच पैसे मिळतात, शोधाचे नाहीत. गळती हट्टी होण्यामागे यांत्रिक कारणांइतकाच हा व्यवहारही कारणीभूत आहे. वर्षातून तीन वेळा कडे बदलण्याचा खर्च आणि त्या काळात वाया गेलेले तेल यांचा हिशेब केल्यास एक धारवा अनेकदा स्वस्त पडतो.

सद्यस्थिती : १९८५ पासून भारतात आलेल्या हीरो होंडा सीडी १०० सारख्या चतुर्धाव मोटारसायकलींनी कोरडे एंजिन ही सामान्य अपेक्षा बनविली. गळती हा गाडीचा स्वभाव न राहता दोष मानला जाऊ लागला. २०२० मध्ये चेतक या नावाने विजेवर चालणारी स्कूटर बाजारात आली. विजेच्या स्कूटरीत क्लच व भुजादंड नसतात. तथापि मोटरची गती कमी करून चाकास देण्यासाठी दंतचक्रे वापरली असतील, तर त्यांना तेल आणि त्यांच्या दंडाला रबरी ओठाचे कडे लागतेच. एंजिन गेले तरी फिरता दंड आणि त्याच्याभोवतीची फट हा जुना प्रश्न उरतोच, आणि तो सोडविताना दंड, धारवा व दाब यांकडे कड्याच्या आधी पाहावे लागते.